कालव्याच्या काठाने

तुलूझ हे दक्षिण फ्रान्समधील एक मोठे व गजबजलेले नगर आहे. तेथील जुन्या इमारती तांबूस विटांच्या आहेत आणि संध्याकाळच्या उन्हात त्या गुलाबी दिसतात. म्हणून लोक कौतुकाने त्याला 'गुलाबी नगर' असे म्हणतात. या नगराच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच समोर एक कालवा दिसतो. दोन्ही बाजूंनी मोटारींची अखंड वर्दळ, कर्ण्यांचा कलकलाट, धुराचा वास. आणि या साऱ्या धांदलीच्या मधोमध ते हिरवट, संथ पाणी. ते कोठून आले व कोठे निघाले, याची चौकशी करण्यास घाईत असलेल्या माणसाला सवड नसते.

परंतु सायकलच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी पिशव्या बांधून, पाण्याची बाटली, हवा भरण्याचा पंप आणि एक जादा ट्यूब एवढ्याच सामग्रीनिशी जो प्रवासी या पाण्याकाठच्या अरुंद वाटेवर वळतो, त्याला थोड्याच वेळात एक नवल अनुभवास येते. नगर हळूहळू मागे सरते. प्रथम कर्णे ऐकू येईनासे होतात, मग मोटारींची घरघर विरते, आणि शेवटी सायकलच्या साखळीचा बारीक नाद व चाकांखाली चुरणाऱ्या वाळल्या पानांची कुरकुर, एवढेच आवाज कानांशी उरतात. या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. येथून भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत हा कालवा सुमारे २४० किलोमीटर गेला आहे, आणि ही वाट त्याची सोबत करते.

या कालव्याचे नाव 'कनाल द्यू मिदी', म्हणजे 'दक्षिणेचा कालवा'. फ्रेंच भाषेत 'मिदी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक मध्यान्ह आणि दुसरा दक्षिण. त्या देशात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एका शब्दात हे दोन अर्थ कसे नांदतात ते समजते.

आता कोणी विचारील की, फ्रान्समध्ये सायकलसाठी एवढी लांब वाट पाण्याच्या काठाने कोणी व का बांधली? त्याचे उत्तर असे की, ती सायकलसाठी बांधलेली नाहीच. हा कालवा खणला गेला तेव्हा सायकल जन्माला यावयाची होती. नावांना त्या काळी इंजिने नव्हती. काठावरून घोडे चालत, त्यांच्या खोगिरांना लांब दोर बांधलेले असत आणि त्या दोरांनी ते माल लादलेल्या जड नावा ओढीत नेत. घोड्यांसाठी केलेली वाट ती ही. घोडे गेले, नावांतील माल गेला, वाट मात्र राहिली. पुढे फ्रान्समध्ये जुन्या कालव्यांचे काठ आणि बंद पडलेले रेल्वेमार्ग दुरुस्त करून पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळे करून देण्याची रीत पडली. अशा मार्गांना तेथे 'हिरव्या वाटा' म्हणतात. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी या गावांमधील जुन्या लोहमार्गावर १९९७ साली अशी एक वाट खुली झाली. ती त्या देशातील पहिली होय.

तुलूझपासून पहिले पन्नास किलोमीटर वाट डांबरी व सपाट आहे. चढ आहे, पण तो पायांना कळत नाही. एवढ्या अंतरात जमीन साठ मीटरही उंचावत नाही. दर काही किलोमीटरांवर एक लहानसे घर लागते. त्याच्या भिंतीवर एक पाटी असते आणि मागच्या व पुढच्या ठाण्याचे अंतर तिच्यावर कोरलेले असते. घरासमोर दगडी भिंतींची एक कोठडी पाण्यात बांधलेली दिसते. ही कोठडी म्हणजे जलपाश. पाणी उतारावरून आपोआप धावते. नावेला मात्र उतारावरून सुरक्षित उतरता येत नाही, आणि चढता तर मुळीच येत नाही. म्हणून कालवा पायऱ्यापायऱ्यांनी नेतात आणि प्रत्येक पायरीशी असा जलपाश बांधतात. खालून आलेली नाव कोठडीत शिरली की मागचे दार लावतात, वरच्या दाराच्या झडपा उघडून पाणी आत घेतात, आणि पाणी चढेल तशी नाव अलगद वर येते. वरचे पाणी व आतले पाणी समपातळीत आले की पुढचे दार उघडते. या कालव्यावर असे साठांहून अधिक जलपाश आहेत.

त्यांचा आकार जरा निरखून पाहावा. बाकीच्या पुष्कळ देशांतील जलपाश लांबट चौकोनी असतात. हे मध्ये फुगीर, बदामासारखे आहेत. बांधकामाच्या आरंभी येथेही भिंती सरळच घेतल्या होत्या. परंतु कोठडी रिकामी होताच बाहेरच्या ओल्या मातीचा दाब येऊन तशी एक भिंत कोसळली. तेव्हा भिंतींना बाक देण्यात आला. दाराची कमान ज्या युक्तीने वरचा भार पेलते, त्याच युक्तीने आडवी कमान बाजूचा भार पेलते. साडेतीनशे वर्षे त्या भिंती उभ्या आहेत.

हा उद्योग ज्या पुरुषाने आरंभिला, त्याचे नाव पिएर-पॉल रिके. तो स्थापत्यशास्त्र शिकलेला नव्हता. बेझिए या गावी जन्मलेला हा गृहस्थ मिठावरील राजकर वसूल करण्याचे काम करी, आणि त्या निमित्ताने सारा मुलूख त्याच्या पायांखालून गेलेला होता. फ्रान्सच्या एका बाजूस अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूस भूमध्य समुद्र. एका किनाऱ्याचा माल दुसऱ्या किनाऱ्यास न्यावयाचा तर स्पेनला वळसा घालून, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, सुमारे तीन हजार किलोमीटरांचा जलप्रवास करावा लागे. वाटेत वादळे आणि चांचे. देशाच्या आतून कालवा खणून दोन्ही समुद्र जोडावेत, ही कल्पना जुनी होती. कित्येक राजांनी ती ऐकली होती आणि सोडूनही दिली होती. गारोन नदी अटलांटिककडे वाहते, ती तुलूझपर्यंत उपयोगी पडे. तेथून पूर्वेच्या समुद्रापर्यंत कालवा खणणे अशक्य नव्हते. अडचण निराळीच होती.

कालव्याला मध्येच एक उंचवटा ओलांडावा लागतो. त्याचे नाव नोरूझ, उंची सुमारे १९० मीटर. उंचवट्यावरून पाणी दोन्ही बाजूंना उतरणार. जलपाशाचे दार उघडले की प्रत्येक वेळी थोडे पाणी खाली जाणार. मग त्या माथ्यावर बारमाही पाणी आणावयाचे कोठून? या एका प्रश्नापाशी सर्वांनी हात टेकले होते.

रिकेने नोरूझच्या परिसरात पुन्हापुन्हा फेऱ्या घातल्या. तेथे एक झरा होता आणि त्याचे पाणी दगडाला अडून निम्मे पूर्वेस व निम्मे पश्चिमेस वाहताना त्याने पाहिले, अशी एक गोष्ट सांगतात. झऱ्याची गोष्ट खरी असो वा नसो, रिकेने शोधून काढलेले उत्तर मात्र खरे होते. उत्तरेस काही कोसांवर 'काळा पर्वत' नावाची डोंगरांची रांग आहे. तेथे पाऊस पुष्कळ पडतो. त्या डोंगरांतील ओढे अडवून, त्यांचे पाणी पाटाने वळणे घेत घेत नोरूझच्या माथ्यावर आणावे, अशी त्याची योजना होती. १६६२ साली त्याने ती चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर यास लिहून कळविली. मंत्री हुशार होता आणि हिशेबीही होता. नुसत्या शब्दांवर राजाचा खजिना तो उघडणार नव्हता. तेव्हा १६६५ साली रिकेने एक लहानसा पाट खणून दाखविला, आणि डोंगराचे पाणी खरोखरच नोरूझला येऊन पोहोचले. पुढल्या वर्षी, १६६६ च्या ऑक्टोबरात, राजाज्ञा निघाली.

त्या वेळी रिकेचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले होते. त्या वयात माणसे आवराआवरीला लागतात. याने घरावर तुळशीपत्र ठेवले. राजाने व प्रांताने दिलेला पैसा पुरेना, तेव्हा त्याने आपली मिळकत त्यात ओतली, कर्जे काढली; मुलींच्या विवाहासाठी राखून ठेवलेले धनही कामी आणले असे म्हणतात. कामाचा जोर होता तेव्हा बारा हजारांच्या आसपास माणसे राबत होती. त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. टोपल्यांतून माती वाहून त्यांनी धरणाचा बांध उभारला. कामकऱ्यांना रिके महिन्याचे वेतन देई, आणि पावसामुळे काम बंद राहिले किंवा माणूस आजारी पडला तरी ते कापीत नसे. सतराव्या शतकात ही गोष्ट इतकी अपूर्व होती की, दूरदूरच्या गावांतून माणसे त्याच्याकडे कामाला येत. डोंगरातील सें-फेरेओल येथील धरणाचे काम १६६७ साली सुरू झाले. त्या जलाशयात साठ लक्ष घनमीटरांहून अधिक पाणी मावते, आणि कालव्याला आजही तेथून पाणी मिळते.

सायकलस्वार नोरूझला पोहोचतो तेव्हा त्याला भव्य असे काहीच दिसत नाही. दाट झाडी, झाडीतून वाहत आलेला एक पाट, आणि तो कालव्याला मिळतो ते ठिकाण. पाटात एक वाळलेले पान टाकले तर ते पूर्वेच्या समुद्राकडे जाईल की पश्चिमेच्या, हे सांगता येत नाही. येथून थोड्या अंतरावर मोठमोठ्या खडकांचा एक ढीग आहे. त्या खडकांतील भेगा मिटल्या की जगाचा अंत होईल, अशी तेथील दंतकथा आहे. भेगा अजून मिटलेल्या नाहीत.

नोरूझनंतर वाटेचा स्वभाव बदलतो. डांबर संपते, खडी, माती आणि झाडांची उघडी मुळे लागतात. पाऊस होऊन गेला असेल तर चाकांना चिखल धरतो व वेग निम्म्यावर येतो. परंतु वाऱ्याचे साहाय्य असले तर श्रम जाणवत नाहीत. या प्रदेशात वाऱ्यांना नावे आहेत. पश्चिमेकडून येणारा तो 'सेर्स', आग्नेयेकडून येणारा तो 'ओतां'. सेर्स पाठीशी असला म्हणजे तुलूझहून समुद्राकडे जाणाऱ्याला पाय मारण्याचे निमित्तच तेवढे करावे लागते; ओतां समोरून सुटला की त्याच सपाट वाटेवर डोंगर चढल्यासारखा दम लागतो. म्हणून अनुभवी प्रवासी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे पसंत करतात.

आसपास प्रथम गहू व सूर्यफुलांची शेते आहेत. चार-पाचशे वर्षांपूर्वी याच शेतांत 'पास्तेल' नावाचे झाड लावीत. त्याच्या पानांपासून निळा रंग निघे, आणि त्या रंगाच्या व्यापारावर तुलूझचे सावकार गब्बर झाले. पुढे हिंदुस्थानातून खरी नीळ युरोपात जाऊ लागली, आणि पास्तेलचा धंदा बसला. तुलूझमधील ते प्रशस्त वाडे मात्र अजून उभे आहेत. असो.

कास्तेलनोदारी या गावी कालव्याचे पात्र पसरून त्याचे एक मोठे तळे झाले आहे. गाव लहान, पण पांढरे घेवडे व मांस एकत्र करून मातीच्या पात्रात मंद विस्तवावर तासन्‌तास शिजविलेल्या एका पदार्थासाठी ते देशभर प्रसिद्ध आहे. पुढे कार्कासोन लागते. टेकडीवर दुहेरी तट असलेला मध्ययुगीन किल्ला दूरवरून दिसतो. या नगराची एक गंमत सांगण्यासारखी आहे. रिकेने त्यांच्याकडे कालव्यासाठी पैसा मागितला तेव्हा नगराने हात आखडता घेतला. कालवा मग गावाला बगल देऊन दोन किलोमीटर दुरून गेला. शंभर वर्षे दुसऱ्यांच्या दारांवरून व्यापार जाताना पाहिल्यावर नगराला चूक उमगली, आणि स्वतःच्या पैशाने कालवा वळवून आणावा लागला. ते काम १८१० साली पुरे झाले.

आतापर्यंत वाटेवर सावली असते. दोन्ही काठांनी चिनाराच्या कुळातील उंच वृक्ष ओळीने उभे असून त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या आहेत. काश्मीरचा चिनार याच कुळातला. एकोणिसाव्या शतकात ही झाडे लावली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती सुमारे ४२,००० होती. त्यांचा उपयोग नुसता शोभेचा नव्हता. मुळांनी काठाची माती घट्ट धरून ठेवावी, सावलीने घोडे व माणसे सुखावावीत आणि उन्हाने आटणारे पाणी वाचावे, असा त्यामागे हेतू होता.

कार्कासोनच्या पुढे मात्र प्रवाशाला एकाएकी ऊन लागते. समोर कालवा उघडा पडलेला आहे. काठावर झाडांऐवजी बुंध्यांच्या खुणा आहेत, आणि पाण्यावर प्रकाश इतका की डोळे मिटावे लागतात. ही कुऱ्हाड कोणा लोभी माणसाची नव्हे. या झाडांना एका बुरशीचा रोग जडला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या सुमारास, अमेरिकन सैन्य दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांचा दारूगोळा ज्या लाकडी खोक्यांतून आला, त्या लाकडात ही बुरशी दडलेली होती, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. देशाची मुक्तता करण्यास आलेल्या सैन्याबरोबर झाडांचा शत्रूही किनाऱ्यावर उतरला, आणि कोणाला त्याची वार्ताही नव्हती. प्रोव्हांस प्रांतातील झाडे मारीत मारीत ती बुरशी २००६ साली या कालव्यापर्यंत आली. ती झाडाच्या सालीखाली शिरते, पाण्याच्या शिरा बंद करते, आणि काही वर्षांत प्रचंड वृक्ष उभ्या उभ्या वाळतो. मुळे मुळांना भिडलेली असतात, त्यांतून ती शेजारच्या झाडात जाते, पाण्यातून वाहते, नावेचा दोर एका झाडाला बांधून मग दुसऱ्याला बांधला, तर त्या दोरानेही पसरते. ज्या गुणांमुळे हे वृक्ष येथे लावले, म्हणजे जवळजवळ उभे राहणे, मुळांची जाळी विणणे, पाण्याशी सलगी करणे, तेच त्यांच्या मुळावर आले.

या रोगावर औषध नाही. रोगी झाड व त्याच्या निकटची झाडे तोडून जागच्या जागी जाळावी लागतात. अशी हजारो झाडे आजवर तोडली गेली आहेत. ज्या गावांची चार-चार पिढ्यांची बालपणे त्या सावलीत गेली, तेथील वृद्ध माणसे यंत्रकरवतीचा आवाज ऐकून घरात जाऊन बसत असतील तर त्यात आश्चर्य नाही. तोडलेल्या जागी नवी लावणी चालू आहे. यावेळी मात्र एकाच जातीची झाडे लावलेली नाहीत. मुख्यतः ओक वृक्षाची एक काटक जात निवडली असून अधूनमधून इतर झाडे पेरली आहेत, म्हणजे उद्या एखादा नवा रोग आला तरी साऱ्या रांगा एकदम पडू नयेत. कोठे कोठे ही रोपे माणसाच्या डोक्याएवढी झाली आहेत. प्रत्येकाला काठीचा आधार दिला आहे. त्यांची सावली अजून काठीच्या सावलीहून फारशी रुंद नाही.

द्राक्षांचे मळे आता दोन्ही बाजूंना पसरतात, आणि कालवा टेकड्यांच्या कुशीतून वळणे घेत जातो. समपातळी सोडावयाची नाही, असा त्याचा बाणा. त्यामुळे सुमारे चौपन्न किलोमीटरांत एकही जलपाश नाही. कावळ्याच्या वाटेने समोर दिसणारे गाव गाठण्यास कालवा दुप्पट चाल करावयास लावतो. येथे घाई करणारा सायकलस्वार चिडतो, आणि न करणारा आजूबाजूस पाहू लागतो. राखी बगळा पाण्याच्या कडेस एका पायावर उभा असतो. खंड्या निळ्या ठिणगीसारखा पाण्यावरून जातो. मळ्यांच्या बांधावर डोक्यावरची पिसे उभारून किडे टिपणारा हुदहुद दिसतो. हा आपल्या माळांवर दिसतो तोच पक्षी होय. मोटारीतून जाणाऱ्याला यांतले काहीही दिसत नाही, ऐकू तर मुळीच येत नाही.

सायकल हे शर्यतीचे साधन नसून देश पाहण्याचे साधन आहे, हे फ्रेंच लोकांना पटवून देण्यात एका गृहस्थाचा वाटा मोठा आहे. त्याचे खरे नाव पोल द व्हिवी. पण 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो ओळखला जाई. तो सें-एतिएन या गावात सायकली विकी, आणि १८८७ साली त्याने सायकलप्रवासाला वाहिलेले एक नियतकालिक काढले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, गळून जाईपर्यंत कधी चालवू नये, आणि केवळ मिरवण्यासाठी तर पायच मारू नये, असे तो वाचकांना सांगे. सत्तरी उलटल्यावरही तो डोंगरवाटा चढत असे. १९३० साली एके दिवशी तो आपली सायकल हाती धरून गावातला रस्ता ओलांडीत होता. मोटार आली म्हणून तो मागे सरला, आणि पाठीमागून आलेल्या ट्रामखाली सापडला. त्या अपघातात त्याचा अंत झाला.

ल सोमाय हे कालव्याकाठचे एक चिमुकले ठाणे आहे. उंच पाठीचा दगडी पूल, एक देऊळ, एक धर्मशाळा. पूर्वी प्रवासी व टपाल नेणारी नाव तुलूझहून निघाली म्हणजे समुद्राकडील टोक गाठण्यास तिला चार दिवस लागत. जेवणाची ठाणी वेगळी, निजण्याची वेगळी. ल सोमाय हे निजण्याचे ठाणे. १८५७ साली आगगाडी आली, आणि चार दिवसांचा प्रवास काही तासांचा झाला. टपाल गेले, प्रवासी गेले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालही गेला. आज सायकलस्वार रोज साठ किलोमीटर चालला तर त्यालाही समुद्रापर्यंत चारच दिवस लागतात, आणि पुष्कळदा त्याचा तिसरा मुक्काम याच परिसरात पडतो.

पुढे माल्पा नावाची टेकडी आडवी येते. या एका टेकडीच्या पोटात तीन बोगदे आहेत. सर्वांत जुना तेराव्या शतकातला: शेजारच्या मोंतादी गावाची दलदल आटविण्यासाठी शेतकऱ्यांनी तो खोदविला. टेकडीवरून पाहिले तर ती आटलेली जमीन अजून चाकाच्या आऱ्यांसारखी विभागलेली दिसते, आणि चर मध्यबिंदूशी येऊन मिळतात. तिसरा बोगदा एकोणिसाव्या शतकातला, आगगाडीचा. आणि या दोहोंच्या मधला रिकेचा. येथील खडक ठिसूळ, हातांनी चुरावा असा. माथा कोसळेल म्हणून राजाच्या अधिकाऱ्यांनी काम थांबविले, आणि रिकेच्या शत्रूंनी पॅरिसला पत्रे धाडली. तेव्हा रिकेने गुपचूप माणसे लावून अवघ्या आठवडाभरात बोगदा आरपार पाडला, अशी कथा आहे. १६८० च्या सुमारास पुरा झालेला, नावा जाण्यासाठी केलेला हा जगातील अगदी आरंभीचा बोगदा मानतात. काठाची वाट येथे टेकडीवरून जाते. सायकल हाताने ढकलीत चढावी लागते, आणि वरून तिन्ही काळ एकाच वेळी पायांखाली येतात.

थोड्याच अंतरावर फोंसेरानचा जलजिना आहे. एकाखाली एक अशा आठ कोठड्यांतून नावा पूर्वी एकवीस मीटरांहून अधिक खाली उतरत. खाली बेझिए, रिकेचे जन्मगाव. गावाच्या मुख्य मार्गावर त्याचा पुतळा आहे.

बेझिएनंतर जमीन सखल होते. हवेत खारटपणा येतो. द्राक्षमळे विरळ होऊन लव्हाळी लागतात, आणि उथळ पाण्यातून गुलाबी रोहित पक्षी उभे दिसतात. येथून शेवटचा टप्पा. १६८० च्या ऑक्टोबरात कालवा जवळजवळ पुरा झाला होता. समुद्राकडचा अगदी थोडा भाग तेवढा राहिला होता. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस रिके तुलूझ येथे वारला. चौदा वर्षे ज्या पाण्याची त्याने वाट पाहिली, ते समुद्रात पडताना त्याला दिसले नाही. मागे कर्जाचा डोंगर होता. उरलेले काम त्याच्या मुलांनी पुरे केले, आणि १६८१ च्या मे महिन्यात पहिल्या नावा तुलूझहून निघून या टोकाला आल्या. रिकेच्या वंशजांना कर्ज फिटून नफा दिसावयास आणखी कित्येक वर्षे लागली.

कालव्याच्या मुखाशी एक लहानसा दीपस्तंभ आहे. त्याच्या पुढे वाट नाही. अरुंद दगडी धक्का आहे आणि दोन्ही बाजूंना पाणी. गोडे पाणी कोठे संपले व खारे कोठे सुरू झाले, ते डोळ्यांना कळत नाही. सायकलस्वार दीपस्तंभाच्या भिंतीला सायकल टेकवितो, चाकांना लागलेली मातीची खपली नखाने काढतो, आणि पलीकडे सरोवरातील कालवांच्या शेतीचे खांब उन्हात एकेक करून उमटत जातात ते पाहत बसतो.

स्वाध्याय

१. कालव्याला उंचवटा ओलांडावा लागतो, यात अडचण कोणती होती? रिकेने ती कशी सोडविली?
२. जलपाशांच्या भिंतींना बाक का देण्यात आला? आकृती काढून समजावून सांगा.
३. काठावरील झाडांचा रोग कोणकोणत्या मार्गांनी पसरतो? नव्या लावणीत कोणता फरक केला आहे?
४. 'हात टेकणे', 'घरावर तुळशीपत्र ठेवणे', 'हात आखडता घेणे', 'मुळावर येणे' यांचा आपापल्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावाजवळील एखाद्या पाटाच्या, ओढ्याच्या किंवा जुन्या वाटेच्या काठाने चालत जा. ऐकू आलेल्या आवाजांचे दहा-बारा ओळींत वर्णन लिहा.